‘बार्शी रोड’मधला रोड म्हणजे फाटा

प्रश्न असा आहे : बार्शी लाइट रेल्वेच्या (सोलापूरकडची जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे) जुन्या माहितीत ‘बार्शी रोड’ हे स्टेशन सारखं भेटतं, आजच्या नकाशात मात्र दिसत नाही. ते बंद पडलं का? आणि स्टेशनाच्या नावात ‘रोड’ कशासाठी?

स्टेशन जागेवरच आहे, नाव तेवढं गेलं. बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी.

जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुंबईकडून येणारी लाइन १८६० साली सोलापूरला पोचली. बार्शीची पेठ मात्र वीसेक मैल बाजूलाच राहिली. बार्शीला जाणाऱ्याने उतरायचं कुठे, तर जिथून बार्शीची वाट धरता येते तिथे. तेच बार्शी रोड. पुढे बैलगाडी. १८९७ साली अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट सुरू झाली ती हीच वाट कापायला.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : फाटा. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचा नांदेड फाटा घ्या. तिथे नांदेड गाव नाही, तिथून गावाचा रस्ता फुटतो. एसटीचा जो फाटा, तोच रेल्वेचा रोड. म्हणजे हा ‘रोड’ लक्ष्मी रोडमधला नव्हे. तिथे लक्ष्मी हे रस्त्याचं नाव आहे. इथे बार्शी हे रस्ता जिथे पोचतो त्या गावाचं नाव. म्हणूनच ‘बार्शी मार्ग’ असं भाषांतर मला पटत नाही, त्यात फुटण्याची खूणच पुसली जाते.

ही पद्धत साहेबाबरोबर गेली, असंही नाही. १९९८ साली पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेवर राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड आहेतच. पाटी वाचून राजापूर आलं म्हणून उतरलेल्याला पुढे रिक्षा नाहीतर एसटी शोधावी लागते.

नाशिक रोडचं मात्र वेगळंच झालं. शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवरच्या स्टेशनाभोवती वस्ती वाढत गेली आणि ‘रोड’ नावाला चिकटून ‘नाशिकरोड’ हे गावच झालं. १९८२ साली ते नाशिक महापालिकेत आलं, तरी तिथला माणूस आजही ‘नाशिकला जाऊन येतो’ म्हणतो.