फणेरपेटी मोठी करून द्या

प्रश्न : ताई, नमस्कार. आमची लेक नववीत आहे, चौदा पूर्ण. उंची पाच फूट. तिची खोली १० बाय ९ची. त्यात पलंग, लोखंडी कपाट आणि अभ्यासाचं टेबल आहे. खिडकी पश्चिमेला. तिला ड्रेसिंग टेबल हवंय. मोबाइलवर बघून तिने पांढरं, आरशाभोवती गोल दिवे असलेलं पसंत केलंय. ते पार्टिकल बोर्डचं आहे. मिस्टर म्हणतात, अभ्यासाच्या टेबलावरच आरसा लावू, नाहीतर ही आरशासमोरून हलायची नाही. सासूबाईंना पलंगासमोर आरसा अजिबात चालत नाही, आणि दुसरी भिंत रिकामी नाही. माझ्या माहेरचं जुनं घर उतरवलं तेव्हा फणसाच्या चार-पाच फळ्या आणून ठेवल्यात. सुताराला बोलावू की तयार घेऊ?
— एक आई, कुडाळ

उत्तर : सुताराला बोलवा. फळ्या घरात आहेत म्हणून तर बोलवाच, पण त्याहून मोठं कारण कुडाळचा पाऊस. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. वरून पांढरा कागद गुळगुळीत दिसतो, पण रोज लादी पुसताना पायाशी पाणी लागतं आणि जून ते सप्टेंबर हवेतली ओल कडांमधून आत शिरते. एकदा फुगलेला बोर्ड परत बसत नाही. मग बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि ड्रॉवर तिरका ओढावा लागतो. कोकणातल्या घरांत दोन पावसाळ्यांत अशी टेबलं गेलेली मी पाहिली आहेत. प्लाय घ्याल तेव्हा त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून कोणी दिलं तर घेऊ नका.

आता पलंगासमोरचा आरसा. सासूबाईंशी वाद घालू नका, त्याची गरजच नाही. माझ्या आजीची फणेरपेटी होती. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली कप्प्यांत फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. सकाळी झाकण उभं राहायचं, आजी समोर बसायची, बोटाने कपाळावर मेण लावून त्यावर कुंकू टेकवायची. काम झालं की झाकण खाली, आणि दिवसभर ती कोनाड्यात एक साधी लाकडी पेटी. तुमच्या लेकीला हीच पेटी पायांवर उभी करून द्या. रात्री झाकण मिटलं की पलंगासमोर आरसा उरत नाही.

मापं सांगते. रुंदी ३० इंच, खोली १७ इंच, उंची ३० इंच. वरची पेटी बाहेरून पाच इंच जाडीची ठेवा, म्हणजे खाली गुडघ्यांना २५ इंच मोकळे मिळतात. स्टूल १७ इंचांचं. पण सुताराने आरसा कापण्याआधी एक काम नक्की करा. लेकीला त्या उंचीच्या स्टुलावर ताठ बसवा आणि जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत टेपने मोजा. पाच फुटी मुलीचं हे माप साधारण ४५ इंच येतं. झाकण उघडल्यावर आरशाची वरची कड निदान तिथवर यायला हवी. कमी पडत असेल तर स्टूल इंचभर कमी करा, नाहीतर केस विंचरताना तिला मान खाली घालावी लागेल. झाकण अगदी काटकोनात थांबवू नका, जरासं मागे कललेलं असू द्या, म्हणजे डोक्याचा वरचा भाग आणि भांग नीट दिसतो. त्यासाठी टेबल भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवावं लागेल. पावसाळ्यात भिंतीची ओल आरशाच्या पाठीला लागू नये म्हणूनही ते बरंच आहे.

फणसाची फळी झाकणाला वापरू नका. मोह होईल, कारण तो पिवळा, जुना होत तांबूस झालेला रंग फार देखणा असतो. पण अखंड रुंद फळी पावसात फुगते, उन्हाळ्यात वाकते. शिवाय फळी आणि काच मिळून सहा-सात किलोचं झाकण रोज मुलीच्या बोटांवर पडायची भीती. झाकण १२ मिलिमीटर प्लायचं करा. फणस पायांना, चौकटीला आणि ड्रॉवरच्या दर्शनी पट्टीला वापरा. झाकणाला आधाराचा दांडा असा हवा की मध्येच सोडलं तरी ते जागेवर थांबेल. आणि सुतार आरसा कशाने चिकटवतोय ते उभं राहून बघा. काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते आरशाच्या पाठीवरचा मुलामा खातं आणि काही महिन्यांनी मागून काळे डाग उमटतात. आरशासाठीचं वेगळं मिळतं, तेच आणायला सांगा, आणि चारी बाजूंनी बारीक लाकडी पट्टी मारून घ्या.

गोल दिव्यांबद्दल तुमच्या लेकीचा हट्ट चुकीचा नाही. तिला प्रकाश चेहऱ्यावर समोरून हवाय, आणि ती बरोबर आहे. हे मी माझ्या चुकीतून शिकले. मालवणात एका पंधरा वर्षांच्या मुलीसाठी मी हौसेने टेबल केलं, आणि आरशाच्या वर छतात एकच दिवा दिला. दोन महिन्यांनी गेले तर मुलगी स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी हातात छोटा आरसा धरून केस बांधत होती. विचारलं तर म्हणाली, “तिथे बसलं की डोळ्यांखाली काळं दिसतं.” वरून पडलेल्या उजेडाने भुवया आणि नाकाची सावली खाली पडते, तोंडावरचा प्रत्येक फोड उठून दिसतो. त्या वयात रोज सकाळी स्वतःला असं बघावं लागणं किती जिव्हारी लागत असेल, ते मला आधी सुचायला हवं होतं. मी दुसऱ्या आठवड्यात तो दिवा बदलला.

म्हणून झाकणाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर फूटभर लांबीचे दोन एलईडी दिवे लावा, मध्य जमिनीपासून ४५ इंचांवर. खोक्यावर ४००० केल्विन आणि सीआरआय ९० किंवा जास्त असं बघून घ्या. पहिल्या आकड्याने उजेड ना पिवळा ना निळसर येतो, दुसऱ्याने त्वचेचा रंग खरा दिसतो. टेबल असं ठेवा की खिडकी तिच्या पाठीशी येणार नाही, कारण मागून उजेड आला की चेहरा काळवंडतो.

तिथेच एक १६ अँपिअरचा प्लग काढून घ्या. आज ड्रायर नसेल, अकरावीत येईल. २००० वॉटचा ड्रायर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर तो लावणं धोक्याचं आहे.

अभ्यासाच्या टेबलावर आरसा नको, हे तुमच्या मिस्टरांना माझ्या नावाने सांगा. वहीला तेल लागेल हा भाग वेगळाच, पण गणित सोडवताना मान वर केली की स्वतःचाच चेहरा, हे कुणालाही जमणार नाही. आरशासमोरून हलत नाही म्हणून काळजी करताय, पण चौदाव्या वर्षी चेहरा दर महिन्याला बदलतो हो. तिला तो ओळखीचा करून घ्यायचाय. तिच्यासाठी जागा वेगळी असली की तिथून उठणंही वेगळं होतं.

पूर्ण उंचीचा आरसा या टेबलात बसवायचा प्रयत्न करू नका, टेबल स्वतःच पाय झाकतं. त्यासाठी कपाटाच्या बाजूला, पलंग दिसणार नाही अशा पट्टीत १५ बाय ३६ इंचांचा आरसा लावा. सहा फुटी लागत नाही. माणसाला अख्खं दिसायला त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, आणि कितीही मागे सरकलं तरी त्यात फरक पडत नाही. फक्त खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर हवी. खालची कड जमिनीपासून २७ इंचांवर ठेवा, म्हणजे लेक आणखी चार इंच वाढली तरी चालेल. भिंत चिऱ्याची असेल तर आरशाच्या स्क्रूचे प्लग नुसत्या गिलाव्यात अडकवू नका, गिलावा ओलांडून चिऱ्यात खोल जाऊ दे. आणि पश्चिमेची बाहेरची भिंत टाळा. पावसाचा मारा तिच्यावरच.

ड्रॉवर उजवीकडे दोन. वरचा चार इंची, पिना, रबर, कानातली यांसाठी. खालचा आठ इंची, त्यात तेलाच्या बाटल्या उभ्या राहतील, सॅनिटरी पॅडची पाकिटं राहतील. या खालच्या ड्रॉवरला कुलूप करून घ्या आणि किल्ली तिला द्या. घरात पाहुणे, चुलतभाऊ, कामाची मावशी, सगळ्यांची ये-जा असते. तिच्या वस्तू तिने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवाव्यात, असं मला कुठल्याच घरात बघवत नाही.

रंग तिला ठरवू दे. पांढरा हवा असेल तर प्लायचा भाग पांढरा, फणस तसाच. मला विचाराल तर मी सगळं फणसाच्या रंगात ठेवेन, पण खोली माझी नाही.

सुतार यायच्या आधी ३० बाय १७ इंचांचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून जमिनीवर चिकटवा, मागे भिंतीशी दोन इंच सोडून, आणि पुढे स्टूल मांडा. चार दिवस तसंच वावरा. कपाटाचं दार आणि खोलीचं दार पूर्ण उघडतंय का, ती पलंगावरून उठताना पाय लागतो का, ते कळेल. लागत असेल तर रुंदी २७वर आणा, खोली कमी करू नका. आणि काम मे महिन्यात संपत नसेल तर पॉलिश गणपतीनंतर पाऊस ओसरल्यावरच करा, पावसाळ्यात त्यावर पांढुरकी छटा येते. तोवर टेबल बिनपॉलिशचं वापरलं तरी चालेल, फक्त पायांच्या तळाला आधीच एक हात मारून घ्या.