‘कुणी बघतच नाही ओ मॅडम’

परीक्षेची भीती, मोडलेलं प्रेम, घरचं भांडण हे विषय माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कायमचेच. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या रांगेत आणखी एक येऊन बसलाय. पोरगं किंवा पोरगी काहीतरी मनापासून करतं, मेंदी काढतं, हलगी वाजवतं, स्वयंपाक करतं. ते मोबाईलवर टाकतं आणि मग माझ्यासमोर बसून म्हणतं, "एवढं करायलोय, पण कुणी बघतच नाही ओ मॅडम." आईबापांची तक्रार याच्या उलटी असते, "त्या नादातनं सोडवा." दोघांनाही मी एकाच मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत, तेवढं चालवून घ्या.

मुलगा मंगळवेढ्याकडचा, म्हणजे ज्वारीच्या मुलखातला. इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष. जुळे सोलापुरात कॉट बेसिसवर चौघांची खोली, तिच्यात एक शेगडी. आठवड्यातनं दोनदा एसटीनं आईचा डबा यायचा. मध्ये काही कारणानं तो बंद झाला. मेसची आमटी घशाखाली उतरेना, म्हणून यानं आईला फोन लावून एकेक पदार्थ शिकून घेतला. चुरमुऱ्यांची सुशीला, पिठलं, धपाटे, आमटीत चुरून खायची कडक भाकरी. खोलीतले तिघं ताटं पुसून खायचे आणि त्याला ‘आचारी’ म्हणायचे. मीही इथं तेच नाव वापरते.

मग आचाऱ्यानं इन्स्टाग्रामवर पान काढलं. विद्यार्थ्यांसाठी स्वयंपाक, एक शेगडी, दोन भांडी. कल्पना उत्तम होती. सात महिन्यांत 94 रील टाकले, बघणारे दीडशे-दोनशेच्या वर सरकेनात. साडेतीनशे रुपये देऊन हजार फॉलोअरसुद्धा विकत घेतले. लेक्चर चालू असताना बाकाखाली मोबाईल धरून आकडा बघायचा. एका विषयात नापास झाला, म्हणून माझ्याकडं आला.

पहिल्या तीन भेटींत मी माझ्या पठडीप्रमाणं गेले. दुःख घटनेतनं येत नाही, घटनेकडं बघताना आपण स्वतःशी जे बोलतो त्यातनं येतं, हे माझं जुनं मत. विसाहून जास्त वर्षं त्यावर काम करतेय. "लोकांनी बघायलाच पाहिजे" या त्याच्या हट्टाचं "बघितलं तर बरं" असं करायला मी त्याला शिकवत होते. तो शहाण्या मुलासारखी मान हलवायचा. पुढच्या भेटीला आला की मोबाईल पुन्हा मांडीवर. माझं कुठंतरी चुकत होतं.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "राहू दे सगळं. मला एक रील दाखव."

त्यानं सुशीला दाखवली. फोडणी, भिजवून पिळलेले चुरमुरे, वरनं शेंगाकूट. बघून मला भूक लागली, हे खरं सांगते. पण त्यात फक्त दोन हात होते. चेहरा नाही, आवाज नाही, खाली चार ओळी इंग्रजीत.

"हे कुणासाठी केलंस?"

"स्टुडंटसाठी."

"तुझ्या वर्गात किती स्टुडंट?"

"साठ."

"त्यातल्या किती जणांनी बघितलं?"

"त्यांना माहीत नाही ओ."

"आणि गावाकडच्यांनी?"

तो मोबाईलच्या काचेवरनं अंगठा फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "ब्लॉक केलंय."

"किती जणांना?"

मी त्याला तिथंच मोजायला लावलं. चुलते, चुलतभाऊ, शाळेतली पोरं, वर्गातली पोरं. एक्केचाळीस!

महिनाभर मी दोरीचं भलतंच टोक धरून बसले होते. कुणी बघत नाही म्हणून रडणारा हा पोरगा, कुणी बघू नये म्हणून रात्रंदिवस पहारा देत होता. त्यानंतर असे जे जे आले, त्या प्रत्येकाला मी पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारते: कुणापासून लपवलंयस? अजून एकही जण "कुणापासूनच नाही" म्हणालेला नाही. अनोळखी दहा हजारांनी वाहवा करावी, पण ओळखीच्या दहा जणांना पत्ता लागू नये, अशी ही अवघड मागणी असते. अनोळखी माणसानं नाक मुरडलं तर चालतं. चुलत्यानं मुरडलेलं सोसवत नाही.

"चुलता काय म्हणेल?"

"भाकऱ्या थापायला धाडलंय का तुला सोलापूरला, म्हणेल. आणि दोस्त म्हणतील, काय बे, बाई झालास का बे?"

"तुमच्या गावात लग्नाला पाचशे माणसांचा स्वयंपाक कोण करतं?"

"आचारी."

"बाई आहे का तो?"

तो हसला. पण हसण्यानं भीती जात नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी त्याला अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली. ज्यांच्या विचारावर माझं सगळं काम उभं आहे, ते हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी मुलींशी बोलायला फार लाजायचे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचंच. महिनाभरात शंभरावर बायकांशी बोलले. एकीनं भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही.

"मग काय उपयोग?" आचारी म्हणाला.

"नकारानं कुणी मरत नाही, हे शंभर वेळा कळलं. भीती गेली."

एक्केचाळीस जणांना एकदम मोकळं कर, असं मी सांगितलं नाही. तसं सांगणारे सल्लागार मला आवडत नाहीत. फक्त दहा जण निवडायचे. प्रत्येकजण काय म्हणेल ते आधी कागदावर लिहायचं, मग रील पाठवायचं आणि खरंच काय म्हणाला ते शेजारी लिहायचं.

कागद आला. आधी लिहिलेली दहाच्या दहा टिंगल होती. प्रत्यक्षात तिघांनी केली. "आला बघा मास्टरशेफ," त्यात सगळ्यात जहाल ते एवढंच. दोघांनी कृती विचारली. एका चुलतबहिणीनं "काकूला दाखव की," असं लिहिलं. आणि चौघं काहीच बोलले नाहीत. टिंगल त्यानं पचवली, ते चार गप्प लोक मात्र लागले. आमची पुढची अख्खी भेट त्या चौघांवर गेली. लोकांना आपल्याबद्दल वाईट वाटत नसतं, चांगलंही वाटत नसतं. ते आपल्या कामात असतात. विशीत ही गोष्ट अपमानासारखी लागते. मला स्वतःला ती चाळिशीत कळली.

"स्वतःचीच जाहिरात कशी करायची, लाज वाटते," हे त्याचं शेवटचं कुलूप. मी विचारलं, "शेंगाचटणीच्या दुकानात गेल्यावर दुकानदार काय करतो?" तळहातावर चिमूटभर चटणी ठेवतो, म्हणतो, खाऊन बघा. पटली तर घेता, नाही तर पुढं जाता. ‘लाइक कर ना’ हे मागणं झालं. ‘उद्या रविवार, संध्याकाळी मेस बंद, हे दहा मिनिटांत होतं’ हे सांगणं झालं. मागताना मान खाली जाते, सांगताना जात नाही.

रीलच्या तांत्रिक बाजूत मला फार गती नाही, भाचीकडनं शिकून घेतलं. पण बाकीचं माझ्या शास्त्रातलं आहे, आणि तुमच्या घरात असं पोर असेल तर तुम्हालाही उपयोगी पडेल. विकत घेतलेल्या त्या हजारातला एकही चुरमुरे भिजवणार नव्हता, तेव्हा त्यांचा आकडा मनातनं पुसायला लावला. स्वयंपाक आणि शूटिंग फक्त रविवारी. बोलायचं आपल्याच बोलीत, ‘ओ’ आणि ‘बे’सकट. रील पाठवायचं ते संध्याकाळी सहाला, जेवायचं काय हा प्रश्न खोल्याखोल्यांत पडतो त्या वेळेला, वर्गाच्या आणि मेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. इन्स्टाग्रामवर 2021 पासून लाइकचा आकडा लपवता येतो, तो लपवायचा. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कबुतराला बटणावर टोचा मारल्यावर दाणा कधी मिळेल कधी नाही असं केलं, तर ते टोचा मारतच बसतं. बाकाखालचा अंगठा तेच करतो. मोजायचंच असेल तर विचारलेले प्रश्न मोजायचे.

पहिला प्रश्न वर्गातनंच आला: उखळ नसताना शेंगाचटणी जमेल का? त्यानं उत्तराचं रील केलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, मिक्सर एकसारखा न फिरवता थांबत थांबत फिरवायचा, मग खलबत्त्यात कुटून तेल सुटू द्यायचं. भोगीला खोलीत केलेली मिसळभाजी आणि बाजरीची भाकरी त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात सांगितली. ते आठशे जणांनी बघितलं. व्हायरल वगैरे काही झालं नाही. पानाचं नाव ‘आचारी’ ठेव, असं मी उत्साहानं सुचवलं होतं. तो नको म्हणाला. बरोबरच होतं त्याचं, ते माझं हौसेचं काम होतं.

आईबापांना एकच सांगते. नाद सोडवायच्या आधी पोरानं केलेलं एकदा खाऊन बघा.

राहिलेला विषय सुटल्यावर तो शेवटचा भेटायला आला. हातात स्टीलचा डबा, आत चटणी. भेटवस्तू घेत नाही हा माझा नियम मी सांगितला. "मग हातावर तरी घ्या ओ," म्हणत त्यानं चमचाभर पुढं केली.

"लसूण जास्त झालाय," मी म्हटलं.

"चुलतापण तेच म्हणाला ओ."