आधी देवघेवीच्या टेबलाशी बस

बाळ,

अनेक आशीर्वाद. वाचनालयाच्या कार्यक्रम समितीवर तुला घेतलं हे ऐकून फार आनंद झाला. वर्षाची आखणी कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. वक्त्यांच्या यादीपासून करू नकोस. आधी आठवडाभर संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बस. कोण येतं, काय मागतं आणि कोणतं पुस्तक न मिळाल्यामुळे रिकाम्या हाताने परत जातं, ते वहीत टिपून ठेव. तुझे विषय त्या वहीत सापडतील.

मला हे फार उशिरा उमगलं. मी कार्यवाह झालो त्या वर्षी एका नामवंत वक्त्याचं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलं, लोक जिन्यावर उभे होते. मी हरखून गेलो. दुसऱ्या दिवशी पाच-सहा सभासद त्या वक्त्याची पुस्तकं मागायला आले, तर ती बंद कपाटात आणि किल्ली रजेवर गेलेल्या ग्रंथपालांकडे! कपाट उघडेपर्यंत आठवडा गेला. मागणारे पुन्हा आलेच नाहीत. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं तिसरं आहे, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. ते मला परीक्षेपुरतं पाठ होतं. त्याचा अर्थ त्या आठवड्यात कळला. तेव्हापासून सभागृहाच्या दाराशी एक टेबल, त्यावर विषयाची वीस-पंचवीस पुस्तकं, शेजारी देवघेवीची नोंदवही आणि एक माणूस. आभारप्रदर्शन झालं की तिथेच पुस्तक घरी न्यायचं. हे टेबल कधीही चुकवू नकोस.

दुसरी गोष्ट गिरणगावातली. १९८२ च्या गिरणी संपावर आम्ही एका अभ्यासकांना बोलावलं होतं. १८ जानेवारीला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग तिसऱ्या रांगेतले एक आजोबा उठले. पांढरा सदरा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गिरणीचा बिल्ला. म्हणाले, “मी साचेखात्यात होतो. बदलीवाल्याचं काय झालं, ते मी सांगू का?” वक्त्यांनी स्वतः माईक खाली नेऊन त्यांच्या हातात दिला. कायम कामगार आला नाही तर त्याच्या बदली पाळी मिळेल या आशेने रोज पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहणं, संपात बायकोने सुरू केलेली खानावळ, गावी पाठवलेली मुलं... आजोबा वीस मिनिटं बोलले. सभागृहात पंख्यांचा तेवढा आवाज होता. त्या दिवशी वेळ संपत आली म्हणून मी घंटा वाजवली असती, तर स्वतःला कधी माफ करू शकलो नसतो.

म्हणून सांगतो, प्रश्नोत्तरांना अर्धा तास राखून ठेव आणि तो वेळ सत्कारांना खाऊ देऊ नकोस. प्रास्ताविक पाच मिनिटांत आटप. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांनी ऐकावं आणि विचार करावा म्हणून; शाल-श्रीफळाचा सोहळा तिथून आलेला नाही. मानधन थोडं असलं तरी पाकीट त्याच दिवशी हातात दे.

मुंबईत वेळ लोकल ठरवते. कामाच्या दिवशी सातच्या आधी नोकरदार पोचत नाही आणि नऊनंतर कर्जत-विरारचा माणूस थांबत नाही. जुलैत मोठा कार्यक्रम नको. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन म्हणून सगळीकडेच काही ना काही असतं, तेव्हा आपण छोटं अभिवाचन केलं तरी पुरे.

मुलांसाठी मे महिन्यात पुस्तकदुरुस्तीचं शिबिर घे. खळ, दोरा, पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं एवढंच सामान लागतं. स्वतः शिवलेलं पुस्तक मूल वाचल्याशिवाय खाली ठेवत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

अनुदानासाठी अहवाल आणि फोटो लागतात, ते ठेवच. पण फोटोत गर्दी दिसावी म्हणून शाळेची मुलं आणून बसवू नकोस. चौदाच माणसं आली तर खुर्च्या गोल मांड आणि वक्त्यालाही त्यातच बसव.

रविवारी सकाळी घरी ये. माझ्या जुन्या वह्या काढून ठेवल्यात. त्यात लोकांनी मागितलेले आणि मला घेता न आलेले बरेच विषय आहेत.

तुझा,
काका