आधी दीक्षा कोण देणार ते विचारा, मग कॉलेज निवडा

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला, वय २७. बायबल स्कूलचा दोन वर्षांचा डिप्लोमा केला, नंतर मुक्त विद्यापीठातून मराठी घेऊन बी.ए. झालो. चार वर्षांपासून आमच्या गावच्या मंडळीत (चर्चमध्ये) आणि शेजारच्या दोन गावांत प्रचारक म्हणून काम करतो. घरी पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि तीन एकर कोरडवाहू. आता पुढे शिकायचं आहे. पुण्याला बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) करू की बंगळूरला एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी)? एक संस्था वर्षभरात ऑनलाइन एम.डिव्ह. देते म्हणते, ती चालेल का? इंग्रजी कच्चं आहे. मंडळीचे पंच म्हणतात, ‘तू जा, आम्ही पाहू.’

उत्तर : पुणे की बंगळूर हे नंतर ठरवू. त्याआधीचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही : शिकून आल्यावर पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून तुम्हाला दीक्षा कोण देणार? हे ठरल्याशिवाय फॉर्म भरू नका.

विदर्भात हे मुद्दाम विचारावं लागतं, कारण एकेका जिल्ह्यात वेगवेगळ्या संप्रदायांच्या मंडळ्या आहेत. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआयची) नागपूर डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग, आहे (हे चर्च स्थापन झालं तेच नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी). यवतमाळ भागात फ्री मेथडिस्ट, अकोला-अमरावतीकडे अलायन्स, वाशीमकडे नाझरीन, आणि आता गावोगावी स्वतंत्र मंडळ्या. प्रत्येकाची पाळक घेण्याची रीत निराळी. सीएनआयमध्ये उमेदवार डायोसिस निवडते आणि सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) पाठवते. परत आल्यावर आधी डीकन (सहायक पाळक), मग प्रेसबिटर (पूर्ण पाळक). स्वतःच्या हिमतीवर बी.डी. करून आलेल्याला डायोसिसने घ्यावंच असं कुठे बंधन नाही. अशी मुलं पदवी हातात घेऊन दोन-दोन वर्षं बसून राहतात आणि शेवटी स्वतःची वेगळी मंडळी काढतात. तेव्हा तुमच्या चर्चच्या जिल्हा किंवा प्रांत कार्यालयात जा आणि तीन गोष्टी विचारा. दीक्षेसाठी कोणती पदवी चालते? कोणत्या कॉलेजांतली चालते? वयाची अट आहे का? उत्तर लेखी मागा. आपल्याकडे लेखी मागितलं की लोकांना राग येतो, पण चार वर्षांनी कार्यालयात दुसराच माणूस बसलेला असतो.

आता पदव्यांचं. बंगालातल्या सेरामपूरचं कॉलेज १८१८चं. १८२७ मध्ये त्याला डेन्मार्कच्या राजाची पदव्या देण्याची सनद मिळाली आणि १९१८ मध्ये बंगालात त्याचा कायदा झाला. त्या सेरामपूरच्या सिनेटशी (पदव्या देणाऱ्या मंडळाशी) देशभरातली कॉलेजं जोडलेली आहेत, पदवीही सिनेटचीच. बी.डी. ही त्यांची पाळकांसाठीची मुख्य पदवी. पदवीधरांना साधारण चार वर्षं लागतात. त्यानंतर दोन वर्षांची एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी), पण ती सेमिनरीत शिकवायचं असेल तर. गावची मंडळी सांभाळायला तिची गरज नाही. पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी सिनेटशीच जोडलेली आहे. ती १९५३ मध्ये सुरू झाली ती यवतमाळात आणि १९८३ मध्ये पुण्याला गेली. तुमच्या आजोबांच्या काळी दारव्ह्याहून एसटीने गाठता आली असती!

एम.डिव्ह. ही दुसऱ्या वाटेची पदवी, पदवीधरांसाठी तीन वर्षांची. ती देणाऱ्या बऱ्याच सेमिनऱ्यांना एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असते. ही मान्यता एकेका अभ्यासक्रमाला मिळते, अख्ख्या कॉलेजला सरसकट नाही. म्हणून ‘आमचं कॉलेज मान्यताप्राप्त आहे’ एवढ्यावर थांबू नका, एम.डिव्ह.ला मान्यता आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत, ते विचारा. ही यूजीसीची मान्यताही नव्हे. उद्या बी.एड. किंवा सरकारी नोकरीचा विचार आला तर तुमची बी.ए.च कामी येईल. म्हणून ती आधी पूर्ण केलीत हे फार बरं केलंत. बायबल स्कूलच्या डिप्लोम्यावर बी.डी.त सूट मिळेल असं मात्र धरू नका.

वर्षभराच्या ऑनलाइन एम.डिव्ह.चं उत्तर सोपं आहे : नको. तीन वर्षांचा अभ्यास एका वर्षात होत नाही. अशा संस्था बहुधा थोड्या जास्त पैशांत ‘डॉक्टर’ही करून देतात. आपल्या भागातल्या पोस्टरांवर रेव्हरंड डॉक्टर इतके का वाढले, हे त्यावरून समजून घ्या.

घर सोडणं अगदीच शक्य नसेल तर सिनेटचाच बहिःस्थ बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज) आहे किंवा बंगळूरच्या टॅफ्टी या संस्थेचे घरी राहून, गटात बसून करायचे अभ्यासक्रम आहेत. दोन्ही चांगले आहेत, पण बी.सी.एस. हा मुख्यतः मंडळीतल्या पुढाऱ्यांसाठी आहे. त्यावर तुमचं चर्च दीक्षा देतं का, हेही त्याच लेखी उत्तरात येऊ द्या.

इंग्रजीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मराठी माध्यमाची मुलं अडतात ती इथेच. वर्गात शिकवलेलं समजतं. अडचण येते ती तीन तासांच्या पेपरात, कारण तिथे ‘माहिती लिहा’ असं क्वचित येतं. ‘परीक्षण करा’, ‘तुलना करा’ असं येतं, आणि पाठ केलेल्या नोट्स तिथे उपयोगी पडत नाहीत. आजपासून प्रवेशापर्यंत रोज एक पान करा. मंडळीच्या इतिहासाचं सोपं इंग्रजी पुस्तक घ्या, पान मोठ्याने वाचा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा पण शब्दकोश उघडू नका. पान संपलं की पुस्तक मिटून पाच वाक्यांत इंग्रजीतच सारांश लिहा. त्यानंतर शब्दकोश. पहिला महिना पाच वाक्यं लिहायला अर्धा तास लागेल, लागू द्या. सारांशात पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उतरवायचं नाही. सेमिनरीत असाइनमेंटला तळटीप न देता उतरवलं तर ती चोरी धरतात आणि गुण जातात.

प्रवेश परीक्षेत साधारणपणे बायबल ज्ञान, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असतं. बायबलचा पेपर तुम्हाला सोपा वाटेल, पण नावं इंग्रजीत येतात. यहेज्केल तिथे इझिकिएल असतो, शास्ते म्हणजे जजेस, अनुवाद म्हणजे ड्युटेरॉनॉमी. याकोब तर कधी जेकब, कधी जेम्स. सहासष्टही पुस्तकांची दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहून काढा. पौलाचे तीन प्रवास आणि यहुदा-इस्राएलचे राजे क्रमाने पाठ असू द्या.

ग्रीकला मात्र घाबरू नका. चोवीस अक्षरं आठवड्यात बसतात. पुढे नामाची लिंगं, वचनं आणि विभक्ती येतात. इंग्रजीतल्या ‘द’सारख्या एका उपपदाचीच चोवीस रूपं. इंग्रजीतून शिकलेली मुलं तिथे गोंधळतात, कारण त्यांना ‘टेबल’ पुल्लिंगी की नपुंसकलिंगी हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. तुम्हाला तीन लिंगं आणि विभक्ती शाळेपासून पाठ आहेत. फक्त पहिले दीड-दोन महिने एकही तास चुकवू नका. त्या काळात मागे पडलेला विद्यार्थी वर्षभर मागेच राहतो.

‘आम्ही पाहू’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य. पंचांच्या मनात खोट नसेल, पण कमिटी बदलते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैसे थांबतात. शिवाय विदर्भात वेळेचं गणित जुळत नाही : सत्र जूनच्या आसपास सुरू होतं आणि फी तेव्हाच भरावी लागते, तेही ऐन पेरणीत. कापूस-सोयाबीनचे पैसे येतात ते दिवाळीच्या मागेपुढे. म्हणून उपकारस्तुतीच्या सणाचं (सुगीनंतर चर्चमध्ये दान आणतात त्या सणाचं) दान त्याच आठवड्यात वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या जूनसाठी ठेवायचं, असा ठराव करून घ्या. ठरावात वर्षाला किती रुपये, कोणत्या महिन्यात, किती वर्षं आणि परत आल्यावर तुम्ही मंडळीला किती वर्षं सेवा देणार, हे सगळं असावं. ‘मिशन देईल’, ‘ट्रस्ट देईल’ यावर फार विसंबू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणारी एक संस्था ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवू शकत नाही. पूर्वी मोठ्या मिशनकडून लहान ट्रस्टकडे आणि तिथून विद्यार्थ्याकडे पैसे यायचे, ती वाट त्यामुळे बंद झाली. कॉलेजची स्वतःची बर्सरी (गरजू विद्यार्थ्यांसाठी पैशांची मदत) असते. तिचा अर्ज बहुधा वेगळा असतो, तो प्रवेशाच्या अर्जासोबतच मागून घ्या.

खर्च मांडताना फक्त फी धरू नका. मेस, पुस्तकं, सुट्टीतलं येणं-जाणं आणि मागे राहिलेल्या घराचा महिन्याचा खर्च, हे चारही रकाने मांडा. शेवटचा रकाना लोक विसरतात. कुटुंबासह राहायच्या खोल्या सगळीकडेच मोजक्या असतात, म्हणून अर्जातच ‘विवाहित, एक मूल, निवासाची गरज’ असं लिहा. काही सेमिनऱ्यांत पाळकांच्या पत्नींसाठीही वर्ग असतात. तुमच्या पत्नीला काय शिकायचंय हे त्यांनाच विचारा, तुम्ही ठरवू नका. तीन एकर कोण करणार, ठोक्याने द्यायची का, हे घरी पाडव्याच्या आधी बोलून घ्या. मग बोलणीला वेळ राहत नाही.

अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. मुक्त विद्यापीठाचं मायग्रेशन आणि पदवी प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, तेव्हा ते आजच मागवा. बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं शिफारसपत्र, मंडळीचा ठराव, वैद्यकीय दाखला आणि एक-दोन पानांची लेखी साक्ष (स्वतःच्या विश्वासाच्या वाटचालीची हकीकत) लागते. साक्षेत तारणाची गोष्ट सगळेच लिहितात. तुम्ही या चार वर्षांत तीन गावांत नेमकं काय केलं ते लिहा. किती घरांत प्रार्थना, रविवारची शाळा चालते की नाही, कुठे काम अडलं. मुलाखतीत प्रश्न त्यावरूनच येतात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण गावात लोक ती पहिल्यांदा विचारतील. बी.डी. झाली म्हणून लग्न लावता येत नाही. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ते बिशपकडून दीक्षा मिळालेल्या पाळकाला किंवा सरकारी परवाना असलेल्या पाळकाला लावता येतं. तुमच्या चर्चमध्ये बिशपची दीक्षा नसेल तर दीक्षेनंतर परवान्याचा अर्ज चर्चमार्फत करावा लागेल. तो येईपर्यंत गावातली लग्नं परवाना असलेल्या पाळकांना बोलावूनच लावा, नाहीतर पुढे त्या जोडप्याचा विवाहाचा दाखला अडतो.