कीपर कोणाला करायचं, आणि कोणत्या भावात?

अमेरिकन बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि त्याआधी फँटसी लीगमध्ये (खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या मैदानावरच्या आकड्यांवर खेळायच्या स्पर्धेत) कीपरची, म्हणजे गेल्या वर्षीच्या संघातून कायम ठेवायच्या खेळाडूंची, नावं द्यावी लागतात. या वेळच्या पत्रांपैकी बहुतेक त्याच धांदलीतली आहेत. वेगळं काही लिहिलेलं नसेल तिथे १२ संघ, प्रत्येकी २३ खेळाडू आणि ५×५ रोटो धरलेलं आहे, म्हणजे दहा आकड्यांत संघांचे क्रमांक लावून गुण द्यायचे : बॅटिंगचे पाच (रन; होम रन; आरबीआय, म्हणजे आपल्या फटक्यावर आलेल्या धावा; स्टील, म्हणजे चोरलेले बेस; सरासरी) आणि पिचिंगचे पाच (विजय; सेव्ह, म्हणजे आघाडी राखून संपवलेले सामने; स्ट्राइकआउट; ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा; व्हिप, म्हणजे इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक).

प्रश्न : आमच्या लीगमध्ये तीन कीपर ठेवता येतात. खेळाडू गेल्या वर्षी ड्राफ्टच्या (संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या) ज्या राउंडला घेतला, त्या राउंडचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, सोडावा लागतो. माझ्याकडे पहिल्या राउंडचा एक मोठा स्टार आहे. १४व्या राउंडला घेतलेला शॉर्टस्टॉप आता पाचव्या राउंडच्या तोडीचा झालाय, १०व्या राउंडचा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) चौथ्याच्या, आणि १८व्या राउंडचा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) नवव्याच्या. शॉर्टस्टॉप आणि क्लोजर दोघंही नऊ-नऊ राउंड वर आलेत, म्हणून ते नक्की. तिसरा कोण?

राउंड मोजू नका, डॉलर मोजा. नऊ राउंडची झेप वरच्या भागात फार मोठी असते आणि तळाला बरीच लहान. ड्राफ्टऐवजी लिलाव करणाऱ्या लीगमधलं प्रत्येक संघाचं नेहमीचं २६० डॉलरचं बजेट राउंडांवर पसरवलं, तर आमच्या अंदाजाने पहिल्या राउंडचा खेळाडू सरासरी ३८ डॉलरचा, चौथ्याचा २२, पाचव्याचा २०, नवव्याचा १२, दहाव्याचा ११, चौदाव्याचा ६ आणि अठराव्याचा ३ डॉलरचा पडतो. आता बघा : शॉर्टस्टॉप २० वजा ६, म्हणजे १४ डॉलरचा फायदा. क्लोजर १२ वजा ३, म्हणजे ९. सारख्याच नऊ राउंडांत पाच डॉलरचा फरक.

त्यात जोखीम धरायलाच हवी. स्टार्टरच्या किमतीतून दुखापतीपोटी आम्ही साधारण दहा टक्के कापतो, म्हणजे २२चे २० आणि फायदा ९. क्लोजरची एक तृतीयांश किंमत कापतो, कारण दोन सामने हातचे घालवले की मॅनेजर नववी इनिंग दुसऱ्याच्या हाती देऊ शकतो आणि मग सेव्ह शून्य. १२चे ८ झाले, फायदा उरला ५.

स्टारचं उत्तर तुमच्या पिकच्या क्रमांकावर आहे. पहिल्या राउंडच्या आतच ४५पासून ३३ डॉलरपर्यंत उतार असतो. तुमचा पिक बारावा असेल आणि स्टार दुसऱ्या क्रमांकाच्या योग्यतेचा (४४) असेल, तर ३३चा पिक देऊन ४४चा माल मिळतो. अकरा डॉलरचा फायदा सोडायचा नाही : शॉर्टस्टॉप, स्टार आणि स्टार्टर ठेवा, क्लोजर सोडा. तुमचाच पिक पहिला किंवा दुसरा असेल, तर मात्र त्याला ठेवून हाती काहीच लागत नाही. मग शॉर्टस्टॉप, स्टार्टर आणि क्लोजर ठेवा आणि पहिल्या पिकला त्याच स्टारला परत उचला.

एक गोष्ट मात्र जवळजवळ सगळेच विसरतात. तुमच्या लीगमधून ३६ खेळाडू ड्राफ्टआधीच उचलले जाणार आहेत. समजा तुमचा शॉर्टस्टॉप सर्वसाधारण यादीत ५५वा आहे आणि त्याच्या वरचे २२ जण कीपर झालेत. मग तुमच्या ड्राफ्टमध्ये तो ३३वा जाईल, म्हणजे पाचव्या नव्हे, तिसऱ्या राउंडला! बहुतेक कीपर मागच्या राउंडांचे पिक खातात, त्यामुळे सुरुवातीच्या राउंडांत जवळपास सगळे पिक जिवंत असतात आणि चांगला माल फार लवकर संपतो. दहाव्या राउंडनंतर उलट होतं. पिक कमी उरतात आणि खेळाडू हळू सरकतात. म्हणून इंटरनेटवरची तयार यादी घेऊन बसू नका. तिच्यातून ३६ नावं खोडा, उरलेल्यांना नव्याने क्रमांक द्या आणि मगच राउंड ठरवा.

प्रश्न : लिलावाच्या कीपर लीगमध्ये पहिलंच वर्ष. माझ्या यादीत ४० डॉलरचा असलेला खेळाडू दरवर्षी ४६-४७ला जातो, असं जुने खेळाडू सांगतात. लोक वेडेपणा करतात की माझी यादी चुकीची आहे?

दोन्ही नाही. ही कीपरमुळे येणारी महागाई आहे आणि ती आधी मोजता येते. लीगचे एकूण पैसे : १२ गुणिले २६०, म्हणजे ३,१२० डॉलर. समजा सगळ्या कीपरांचा पगार (त्यांना ठेवायला संघांच्या बजेटमधून जाणारी रक्कम) मिळून ४२० आहे, पण त्यांची खरी किंमत ७२० आहे. तर लिलावात पैसे उरले २,७०० आणि माल उरला २,४०० डॉलरचा. २,७०० भागिले २,४०० म्हणजे १.१२५. साडेबारा टक्के महागाई. ४०चा खेळाडू ४५ला योग्य, २४चा २७ला.

पण ही साडेबारा टक्के सगळ्यांवर सारखी पसरत नाही, आणि नवखे लोक नेमके इथे फसतात. एक डॉलरचा राखीव आउटफिल्डर एक डॉलरलाच जातो. त्याच्या वाट्याची वाढ वरच्या पंधरा-वीस खेळाडूंवर जाऊन बसते, म्हणून ४०चा ४६-४७ला जातो. ज्याचे कीपर स्वस्त आहेत त्याच्या हातात पैसे जास्त असतात आणि भरायच्या जागा थोड्या, तोच भाव चढवतो. तुम्ही "माझ्या यादीत ४० आहे" म्हणून हात आखडता घेतलात, तर शेवटी खिशात ३० डॉलर उरतील आणि घेण्याजोगं कोणी नसेल. उरलेल्या डॉलरला लिलावानंतर बहुतेक लीगमध्ये काही किंमत नसते. वरच्या गटातल्या एक-दोघांसाठी महागाईच्याही दोन-तीन डॉलर पुढे जायची तयारी ठेवा.

कमाल बोलीचं सूत्र कागदावर लिहून समोर ठेवा : उरलेले पैसे वजा (उरलेल्या जागा वजा एक). ९७ डॉलर आणि १४ जागा असतील तर ८४. हाच आकडा प्रतिस्पर्ध्यांचाही लिहीत राहा. तुमच्या आवडत्या क्लोजरवर १२ डॉलर बोलू शकणारा दुसरा कोणी उरलेलाच नाही, हे कळलं की ९ला काम होतं.

प्रश्न : कोपराची शस्त्रक्रिया झालेला पिचर कीपर म्हणून ठेवावा का?

आधी शस्त्रक्रियेचा महिना बघा. टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर (हिच्यात कोपराचा अस्थिबंध बदलतात) मैदानात परतायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. एप्रिलमध्ये झाली असेल तर पुढच्या मोसमाचा काही भाग मिळेल. ऑगस्ट-सप्टेंबरची असेल तर पुढचं वर्ष गेलंच म्हणा. परतल्यावरही इनिंगवर मर्यादा असते आणि चेंडूवरचा ताबा वेगापेक्षा उशिरा येतो. तोवर व्हिपला मार बसतो. स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३मध्ये २८१ स्ट्राइकआउट केले, एप्रिल २०२४मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, आणि २०२५मध्ये परतल्यावर त्याचा ईआरए चारच्या वर होता. जुन्या भावाने ठेवणाऱ्यांना तो महागात पडला.

एक नियम तपासा : मोसमात जखमींसाठी आयएलची (इंज्युअर्ड लिस्टची) जागा फुकट मिळते, पण कीपर ठरवताना बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही. तीनच कीपर असतील तर जखमी पिचर एक पूर्ण जागा खातो. कीपर दहा-पंधरा असतील तर जरूर ठेवा.

बॅटरचं गणित निराळं. रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचा एका गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध २०२१मध्ये फाटला. २०२२मध्ये २९ स्टील झाले, पण होम रन फक्त १५. ताकद यायला २०२३ उजाडलं : ४१ होम रन आणि ७३ स्टील. २०२४मध्ये दुसरा गुडघा गेला, आणि २०२५मध्ये मे महिन्यात परतल्यावर होम रन आले, स्टील मात्र दोन आकडीही झाले नाहीत. गुडघ्याच्या दुखापतीनंतरच्या पहिल्या वर्षी काहीतरी कमी पडणार, हे धरूनच भाव ठरवा.

प्रश्न : स्टीलसाठी अजूनही एखादा नुसता धावणारा खेळाडू घ्यावा लागतो का?

आता नाही. २०२३मध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा) आला, बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायला पिचरने बेसकडे टाकलेल्या चेंडूंवर) मर्यादा आली. मेजर लीगमधले एकूण स्टील २०२२च्या २,४८६वरून ३,५०३वर गेले. आज मधल्या राउंडांतला साधा बॅटरही १२-१५ स्टील देऊन जातो. त्यामुळे तुमच्या वहीत २०२२ किंवा त्याआधीची लक्ष्यं असतील तर ती फाडून टाका. आपल्याच लीगच्या गेल्या दोन वर्षांच्या तक्त्यात तिसऱ्या क्रमांकाच्या संघाचे किती स्टील होते ते पाहा आणि तेवढेच धरा. ज्याला होम रन नाहीत आणि सरासरीही नाही असा धावपटू ठेवला, तर चार रकान्यांत खड्डा पडतो.

प्रश्न : कॅल रॅलीने २०२५मध्ये ६० होम रन मारले. माझ्याकडे तो मधल्या राउंडच्या भावात आहे.

ठेवा, मधल्या राउंडला असा कॅचर पुन्हा मिळणार नाही. पण त्याच्या अदलाबदलीची बोलणी करताना आणि बाकी संघ आखताना ६० धरू नका. २०२४मध्ये त्याचे ३४ होते. चाळिशीच्या आसपास धरून हिशेब करा. प्रत्येक संघाला दोन कॅचर लागणारी लीग असेल तर त्याची किंमत आणखी चढते.

प्रश्न : कीपर निवडताना पिचरचे विजय किती बघावेत?

बघूच नयेत. २०१८मध्ये जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता, २६९ स्ट्राइकआउट होते, साय यंग (सर्वोत्तम पिचरचं पारितोषिक) मिळालं, आणि विजय फक्त दहा. विजय त्याच्या संघाच्या बॅटिंगवर आणि बुलपेनवर (त्याच्यानंतर येणाऱ्या पिचरांवर) ठरतात. समोर आलेल्या बॅटरांपैकी किती टक्के स्ट्राइकआउट केले, त्यातून किती टक्क्यांना वॉक (फुकटचा पहिला बेस) दिला ते वजा करून बघा. २० टक्क्यांच्या वर असेल तर पिचर ठेवण्याजोगा.

प्रश्न : माझ्याकडे पाच चांगले कीपर आहेत, जागा तीन. उरलेले दोन सोडायचे?

फुकट सोडू नका. दोन देऊन एक चांगला घ्या, किंवा एखाद्याच्या बदल्यात वरच्या राउंडचा पिक मागा. ज्याच्याकडे एकही धड कीपर नाही, अशा संघाशी बोला. नावं द्यायच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा. शेवटच्या दिवशी तुमची अडचण सगळ्यांना माहीत असते आणि समोरचा तुम्ही सोडायची वाट बघतो. करार करण्याआधी नियम वाचा : एकाच राउंडचे दोन कीपर झाले तर दुसऱ्यासाठी वरचा पिक द्यावा लागतो की खालचा, आणि ड्राफ्ट न होता मोसमात उचललेल्या खेळाडूला कोणता राउंड लागतो. शोहेई ओहतानी तुमच्याकडे असेल, तर साइट त्याला एकच खेळाडू धरते की बॅटर आणि पिचर असे दोन, हेही पाहून घ्या. दोन धरत असेल तर कीपरच्याही दोन जागा जातात.