अलीकडे आलेली ऐकण्यासारखी पॉप गाणी कोणती?

'अलीकडची' म्हणजे 2024 पासूनची असं धरून सांगतो.

एकच ऐकायचं असेल तर बिली आयलिशचं 'बर्ड्स ऑफ अ फेदर'. सुरुवातीला ती नेहमीसारखी कानात कुजबुजल्यासारखी गाते, त्यामुळे गाणं साधंच वाटतं. पण शेवटाकडे आवाज मोकळा सोडते आणि वरच्या पट्टीत जाते, तेव्हा कळतं की एवढा वेळ तिने हात राखून ठेवला होता. हेडफोन लावून ऐका, मागे चाललेले आवाजाचे थर फोनच्या स्पीकरवर हरवतात.

चॅपल रोनचं 'गुड लक, बेब!' दुसरं. ऐंशीच्या दशकातल्या सिंथचा (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा) बाज, आणि शेवटी लय मंदावत जाते. तो भाग येण्याआधी पुढचं गाणं लावू नका.

लेडी गागा आणि ब्रुनो मार्सच्या 'डाय विथ अ स्माइल'ला 2025 मध्ये ग्रॅमी मिळालं. जुन्या वळणाचं गाणं आहे, पण दोघांचे आवाज छान जुळलेत.

रोझे-ब्रुनो मार्सचं 'आपत' (APT.) नाचायला मस्त. मात्र सलग ऐकलंत तर दिवसभर डोक्यातून जाणार नाही. सब्रिना कारपेंटरचं 'एस्प्रेसो' एव्हाना ऐकलंच असेल.