गाभण कुत्रीला कॅल्शियम द्यावे का?

प्रश्न : आमच्या लॅब्रेडोर कुत्रीला गाभण राहून पन्नास दिवस झाले. शेजारी कॅल्शियमचे औषध सुरू करण्यास सांगतात. ते द्यावे काय? प्रसूती जवळ आल्याचे कसे ओळखावे?

उत्तर : सल्ला आपुलकीचा असला, तरी तो मानू नये. गाभणकाळात वरून कॅल्शियम दिल्यास हाडांतील साठा रक्तात आणण्याची शरीराची स्वतःची यंत्रणा मंदावते, आणि पुढे पिल्ले दूध ओढू लागली की रक्तातील प्रमाण घसरून कुत्रीला थरथर, धाप व झटके येण्याचा धोका वाढतो; तसे दिसताच पिल्ले बाजूला करून तत्काळ पशुवैद्यक गाठावा. आता तिला पिल्लांसाठीचाच चांगला आहार थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा द्यावा.

गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो. अखेरच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घेऊन लिहून ठेवावे; ते ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले, की बहुधा चोवीस तासांत वेणा सुरू होतात. कुत्री अंथरूण उकरू लागते, खाणे टाळते. जोराच्या कळा येत असूनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर आले नाही, तर डॉक्टरांना बोलवावे; घरगुती खटपटी करू नयेत. पिल्लांचे वजन रोज काट्यावर करावे आणि जे वाढत नसेल, त्याला आधी आईच्या मागच्या सडांना लावावे.